सजीव, निर्जीव आणि शिळारूप
सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरील सँड डॉलर

(व्याख्यानाचा लिखित पाठ)



समुद्रकिनाऱ्यावर फिरावयास गेलेला मनुष्य सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. एखादा शंख, एखादा शिंपला, लाटांनी गुळगुळीत केलेला एखादा गोटा त्याच्या खिशात येतोच. जे पाण्याने बाहेर टाकले ते कोणाचेच नव्हे, आणि म्हणून ज्याच्या दृष्टीस पडले त्याचे झाले, असा एक समज त्यामागे असतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार एका लहानशा समुद्री जीवाच्या आधारे करणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे. त्या जीवाचे नाव सँड डॉलर. अमेरिकेतील जुन्या चांदीच्या डॉलरसारखा गोल व चपटा आकार असल्यामुळे हे नाव रूढ झाले. मराठीत त्याला वाळूतील रुपया म्हटले तरी अर्थ तोच राहील.

या विचारासाठी स्थळ निवडले आहे ते अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रान्सिस्को शहराचा पश्चिम किनारा. त्या परिसरात आज अनेक मराठी कुटुंबे स्थायिक आहेत, आणि येथून मुला-नातवंडांकडे जाणारे ज्येष्ठ नागरिकही त्या वाळूत फिरून येतात. शहराच्या पश्चिमेस ओशन बीच नावाचा सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीचा सरळ, वालुकामय किनारा आहे. त्याच्या दक्षिणेस फोर्ट फन्स्टन येथे कडे सुरू होतात आणि डेली सिटीच्या हद्दीतील मसल रॉकपर्यंत ते पसरलेले आहेत. या एवढ्याशा पट्ट्यात सँड डॉलर तीन अवस्थांत भेटतो. लाटांपलीकडच्या वाळूत तो जिवंत असतो; किनाऱ्यावर त्याचे रिकामे पांढरे कवच पडलेले असते; आणि कड्यांच्या थरांत तो दगड होऊन राहिलेला असतो. तिन्ही वस्तू तळहातावर ठेवल्या तर पाच पाकळ्यांचे तेच फूल तिन्हींवर दिसते. उचलल्यामुळे होणारी हानी मात्र तिन्ही वेळा निराळी असते.

जिवंत सँड डॉलर

प्रथम जिवंत प्राण्याची ओळख करून घेणे इष्ट होय. सँड डॉलर हा कंटकचर्मी संघातील प्राणी आहे. तारामासा, समुद्री काकडी आणि काटेरी गोळ्यासारखे दिसणारे समुद्री साळिंदर हे त्याचे आप्त. त्यांतही समुद्री साळिंदर हा अगदी जवळचा. किंबहुना सँड डॉलर म्हणजे वाळूत राहण्यासाठी चपटे झालेले समुद्री साळिंदरच म्हणता येईल. साळिंदराचे लांब काटे येथे आखूड होऊन मखमलीसारखे झाले आहेत. जिवंत प्राण्याचा रंग पांढरा नसून जांभळट, करडा किंवा काळपट असतो, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण दुकानांत आणि चित्रांत दिसणारा पांढराशुभ्र सँड डॉलर हा मृत प्राण्याचा सांगाडा असतो.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्कापासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव डेंड्रास्टर एक्सेंट्रिकस असे आहे. रशियन जहाजांवरून प्रशांत महासागराची सफर केलेले निसर्गशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिश एश्शोल्ट्स यांनी १८३१ मध्ये या जातीचे वर्णन केले. डेंड्रास्टर म्हणजे वृक्षतारा आणि एक्सेंट्रिकस म्हणजे केंद्रापासून ढळलेला. बहुतेक सँड डॉलरांच्या पाठीवरील पाच पाकळ्यांचे फूल बरोबर मध्यभागी असते. या जातीत मात्र ते मागील कडेकडे सरकलेले असते.

हे सरकणे निर्हेतुक नाही. पाकळीसारखी दिसणारी आकृती म्हणजे वस्तुतः सूक्ष्म छिद्रांच्या रांगा आहेत. त्या छिद्रांतून पातळ, चपटे नालपाद बाहेर येतात व त्यांच्याद्वारे प्राणी पाण्यातील प्राणवायू घेतो. पाकळ्या ही त्याची श्वासेंद्रिये होत. पाण्याला मध्यम प्रवाह असेल तेव्हा हा सँड डॉलर आडवा पडून राहत नाही; तो आपली पुढील कड वाळूत रोवून थाळीसारखा तिरपा उभा राहतो. अशा वेळी शरीराचा पुढील भाग वाळूखाली जातो आणि मागील भाग पाण्यात राहतो. पाकळ्या मागे सरकलेल्या असल्यामुळे त्या वाळूबाहेर राहतात व श्वसन चालू राहते. उभे राहण्याचा दुसरा लाभ अन्नाचा. प्रवाहासोबत येणारे डायाटम, सूक्ष्म जीव आणि सेंद्रिय कण तो आपल्या काट्यांनी, नालपादांनी व चिमट्यासारख्या सूक्ष्म अवयवांनी पकडतो आणि खालच्या बाजूच्या मध्यावर असलेल्या मुखाकडे पोहोचवितो. लाटांचा जोर वाढला की हेच प्राणी आडवे होतात किंवा वाळूत गाडून घेतात.

हे प्राणी एकेकटे राहत नाहीत. एका चौरस मीटरमध्ये शेकडो सँड डॉलर दाटीवाटीने उभे आहेत, अशा वसाहती पाणबुड्यांनी पाहिल्या आहेत. एखादा गुलाबी तारामासा भक्ष्याच्या शोधात आला की त्याच्या वाटेतील सँड डॉलर भराभर वाळूत शिरतात आणि तो जाईल तसतसा त्याच्यामागे एक मोकळा पट्टा पडत जातो. काही सँड डॉलरांच्या पाण्यात उघड्या राहिलेल्या कडेवर बार्नेकल हे लहान कवचधारी प्राणीही वस्ती करतात. ज्याला किनाऱ्यावरचा मनुष्य एक वस्तू समजतो ती समुद्रात अनेकांच्या वस्तीची जागा असते.

एका थेंबापासून थाळीपर्यंत

या प्राण्याचे बालपण आणखी विलक्षण आहे. मादी अंडी व नर शुक्रबीजे पाण्यात सोडतात आणि फलन उघड्या समुद्रातच होते. त्यातून निपजणारा डिंभ आपल्या मातापित्यांसारखा मुळीच दिसत नाही. तो पारदर्शक असतो, त्याला लांब भुजा असतात आणि तो काही आठवडे प्लवकांबरोबर तरंगत राहतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील डॉन वॉन आणि रिचर्ड स्ट्रॅथमन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, माशाच्या अंगावरील चिकट स्राव पाण्यात मिसळला असता चार दिवसांचे डिंभ स्वतःचे विभाजन करून घेतात. एकाचे दोन होतात आणि दोघेही आकाराने लहान होतात. माशाच्या दृष्टीस सहज न पडण्याचा तो एक उपाय असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

वाळूवर उतरण्याची वेळ आली म्हणजे डिंभ कोठेही उतरत नाही. प्रौढ सँड डॉलर ज्या वाळूत राहतात, त्या वाळूत त्यांच्या रासायनिक खुणा असतात. त्या ओळखून तो तेथेच उतरतो व रूपांतर करतो. रेमंड हायस्मिथ यांनी १९८२ मध्ये यामागील कारण दाखवून दिले. नुकतेच रूपांतर झालेले पिल्लू मिलिमीटरहूनही लहान असते आणि वाळूत नळ्या करून राहणारे लहान संधिपाद प्राणी ते खाऊन टाकतात. प्रौढ सँड डॉलर सतत वाळू उलथीपालथी करीत असल्यामुळे या भक्षकांना त्यांच्या वसाहतीत बस्तान मांडता येत नाही. थोडक्यात, वडीलधाऱ्यांच्या वावरामुळे लहानांना आश्रय मिळतो. यातून एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात येते. वसाहतीतील प्रौढ प्राणी मोठ्या प्रमाणात काढून नेले, तर नाहीसे होतात ते केवळ तेवढेच प्राणी नव्हेत. पुढील पिढीला उतरण्याची सुरक्षित जागाही त्यांच्याबरोबर जाते.

लहानग्या सँड डॉलरची आणखी एक अडचण असते. त्याचे शरीर हलके आणि लाटा जोराच्या. फू-शियांग चिया यांनी १९७३ मध्ये असे दाखविले की, ही पिल्ले वाळूतील जड, लोहयुक्त कण निवडून गिळतात आणि आतड्याच्या एका पिशवीत साठवून ठेवतात. पाणबुड्या जसा कमरेला शिशाचा पट्टा बांधतो, तसे हे वजन त्यांना तळाशी स्थिर ठेवते. प्राणी मोठा झाला की या वजनाची गरज उरत नाही आणि तो साठाही नाहीसा होतो. पुढे कवचाच्या पट्टांवर वाढीच्या रेषा उमटत जातात. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे त्या मोजून वय ठरविता येते. या पद्धतीने दहा-बारा वर्षांपर्यंत जगलेले सँड डॉलर आढळले आहेत. तळहाताएवढी ती थाळी म्हणजे एका दशकाचे आयुष्य असते.

रिकामे कवच

मृत्यूनंतर काटे गळून पडतात, ऊन व क्षार यांनी रंग उडतो आणि पांढरे कवच उरते. हे कवच शिंपल्यासारखे बाहेरून घातलेले घर नव्हे. ते त्वचेच्या आत तयार झालेले, कॅल्साइट या खनिजाच्या अनेक पट्टांनी सांधलेले अस्थिपंजरासारखे आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास प्रत्येक पट्ट स्पंजासारखी सच्छिद्र दिसते. तरीही प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने ती कॅल्साइटच्या एकाच स्फटिकासारखी वागते. आतील बाजूस तळ आणि छत यांना जोडणारे खांब असतात. समुद्री साळिंदराचे पोकळ कवच मृत्यूनंतर लवकर विस्कळीत होते. सँड डॉलरचे कवच लाटांचा मारा सोसूनही अखंड राहते, याचे श्रेय या खांबांना व एकमेकांत गुंतलेल्या सांध्यांना आहे.

कवच हलविले असता आत काहीतरी खुळखुळते. ते जबड्याचे भाग होत. अ‍ॅरिस्टॉटलने समुद्री साळिंदराचे वर्णन करताना दिलेल्या कंदिलाच्या उपमेवरून या पाच भागांच्या जबड्याला अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील असे नाव मिळाले. कवच फुटल्यावर बाहेर पडणारे हे लहान पांढरे तुकडे पंख पसरलेल्या पक्ष्यांसारखे दिसतात, म्हणून अमेरिकेतील भेटवस्तूंच्या दुकानांत त्यांना कबुतरे म्हणण्याची प्रथा आहे.

याच ठिकाणी सर्वांत मोठी गफलत होते. वादळानंतर ओशन बीचवर असंख्य सँड डॉलर येऊन पडतात. त्यांत रिकामी कवचे असतात, तसेच जिवंत प्राणीही असतात. जिवंत सँड डॉलर ओरडत नाही, पळत नाही, चावत नाही. कोरड्या वाळूवर पडल्यावर तो बहुधा हलतानाही दिसत नाही. म्हणून तो मेलेलाच आहे असे समजून पिशवीत टाकला जातो, घरी नेऊन सुकविला जातो व विरंजक द्रावात बुडवून पांढरा केला जातो. त्याचा मृत्यू समुद्राने घडविलेला नसतो. तो त्या पिशवीत घडतो, आणि घडविणाऱ्यास त्याची वार्ताही नसते.

ओळखण्याची रीत कठीण नाही. रंग गडद असेल आणि अंगावर मखमलीसारखे काटे असतील, तर तो जिवंत असण्याची शक्यता धरूनच वागावे. ओल्या वाळूत हलकेच उलटा करून खालची बाजू क्षणभर न्याहाळावी. काटे किंवा नालपाद मंदपणे सरकताना दिसतात. हालचाल दिसली नाही म्हणून प्राण गेला, असा निष्कर्ष मात्र काढू नये. संशय असेल तेथे त्यास पाण्याखालच्या वाळूवर अलगद ठेवणे, एवढेच करावयाचे असते. काटे पूर्णपणे गळालेले, पांढरे पडलेले हलके कवच हेच काय ते निर्जीव.

दगड झालेला काळ

आता दक्षिणेकडील कड्यांकडे वळू या. फोर्ट फन्स्टनपासून मसल रॉकपर्यंतच्या या थरांना भूशास्त्रात मर्सेड फॉर्मेशन असे म्हणतात. जवळच असलेल्या मर्सेड सरोवरावरून भूशास्त्रज्ञ अ‍ॅन्ड्र्यू लॉसन यांनी १८९३ मध्ये हे नाव योजिले. वाळू, गाळ आणि गोटे यांचे हे थर एकावर एक रचलेले असून त्यांची एकत्रित जाडी सुमारे पावणेदोन किलोमीटर भरते. ते कलंडलेले आहेत. त्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेकडे किनाऱ्याने चालत गेल्यास मनुष्य जुन्या थरांकडून नव्या थरांकडे जातो. एखाद्या बखरीची पाने क्रमाने उलटावीत तसा तो प्रवास आहे. खालची पाने खोल समुद्रतळाची, वरची उथळ पाण्याची, पुळणीची व वाळूच्या टेकड्यांची. समुद्र अनेकदा पुढे आला आणि अनेकदा मागे हटला, याची नोंद या थरांच्या आवर्तनांत आहे.

यांतील काही थरांत सँड डॉलर आहेत. वादळी लाटांनी गोट्यांबरोबर ओढून एकत्र टाकलेल्या कवचांचे थरच्या थर तेथे दिसतात. ही जात आजची नव्हे. विल्यम स्टिम्पसन यांनी १८५६ मध्ये तिचे वर्णन केले आणि पुढे ती स्क्युटेलास्टर इंटरलिनिअ‍ॅटस या नावाने ओळखली जाऊ लागली. आजच्या डेंड्रास्टरची ती आप्त होती. परंतु ती नामशेष झाली आहे. ओशन बीचवर आज कवचे टाकणाऱ्या लाटा आणि लाखो वर्षांपूर्वी या आप्तांची कवचे टाकणाऱ्या लाटा यांच्या कार्यपद्धतीत फरक नाही. फरक आहे तो थाळी टाकून गेलेल्या जिवांत.

जीवाश्म कसा बनतो, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. कवच गाळाखाली लवकर गाडले गेले, तर त्याची पोकळी वाळूने भरते. कालांतराने पट्टांच्या सूक्ष्म छिद्रांतही कॅल्साइट साचते व हलके कवच जड होते. त्याचा रंग पांढरा न राहता भोवतालच्या खडकासारखा करडा किंवा तपकिरी होतो. फुटल्यास कॅल्साइटच्या स्फटिकासारखे चकचकीत सपाट पृष्ठ दिसते. मूळ पट्टांची रचना, पाकळ्या आणि वाढीच्या रेषा मात्र पुष्कळदा जशाच्या तशा राहतात.

अशा जीवाश्मांचे महत्त्व केवळ कुतूहलाचे नाही. कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यात, आजच्या किनाऱ्यापासून दूर, केटलमन हिल्स नावाच्या कोरड्या टेकड्या आहेत. तेथे प्लायोसीन काळातील डेंड्रास्टरचे जीवाश्म मिळतात. ज्या भूमीवर आज पाण्याचा थेंब दुर्मिळ, तेथे एके काळी समुद्राचा फाटा होता, हे त्या निर्जीव थाळ्या सांगतात. त्या प्रदेशातील खनिज तेलाचा शोध घेणाऱ्या भूशास्त्रज्ञांना थर ओळखण्यासाठी अशा जीवाश्मांचे साहाय्य झाले.

सँड डॉलरांच्या एकूण कुळाचा इतिहासही विचार करावयास लावणारा आहे. आफ्रिकेतील टोगो देशात पॅलिओसीन काळातील त्यांचे प्राचीन आप्त मिळाले आहेत आणि पुढील इओसीन काळात हे कुळ जगभर पसरलेले दिसते. भूशास्त्रीय मानाने हा प्रसार फार जलद झाला, असे पोर्टर कीर यांनी १९८२ मध्ये प्रतिपादन केले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र या कुळाचा उगम आणखी मागे, डायनोसॉरांच्या क्रिटेशस काळात असावा, असे सुचविले. तसे असेल तर मधल्या प्रदीर्घ काळातील जीवाश्म अद्याप मिळावयाचे आहेत. शास्त्रातील प्रश्न असा उघडा असताना प्रत्येक नोंदलेला जीवाश्म साक्षीदाराच्या योग्यतेचा ठरतो.

भारतभूमीही या इतिहासापासून दूर नाही. दोन लांबट फटी असलेले एकायनोडिस्कस हे सँड डॉलर भारताच्या समुद्रात आजही राहतात. कच्छ आणि काठेवाड येथील जीवाश्म झालेल्या साळिंदरकुळाचे वर्णन डंकन आणि स्लेडन यांनी १८८३ मध्ये पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. ज्या मुलुखांतून येथील कित्येक कुटुंबांचे पूर्वज आले, त्यांच्या पायाखालच्या खडकातही हीच गोष्ट लिहिलेली आहे.

जागा हरवली की अर्थ हरवतो

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. जिवंत प्राणी उचलू नये हे पटण्यासारखे आहे. पण लाखो वर्षांपूर्वी मेलेला दगड उचलण्यात कोणती हानी? उलट ते कडे दरवर्षी ढासळत आहेत. २२ मार्च १९५७ च्या भूकंपात डेली सिटीच्या कड्यांवरून दरडी कोसळल्या आणि त्यांच्या अंगावरून जाणारा किनारी रस्ता पुढे सोडून द्यावा लागला. २००३ च्या डिसेंबरातही तेथे मोठी दरड कोसळली. २००९-१० च्या हिवाळ्यात ओशन बीचच्या दक्षिण टोकाचा उंचवटा इतका खचला की वरच्या महामार्गाच्या मार्गिका बंद कराव्या लागल्या. कड्यातून पडलेला जीवाश्म लाटा फोडूनच टाकणार असतील, तर त्याला घरी नेऊन काचेच्या कपाटात ठेवणे हे रक्षणच नव्हे काय?

ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. तिचे उत्तर त्या थरांतच आहे. मर्सेडच्या वरच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा एक पातळ पट्टा आहे. उत्तर कॅलिफोर्नियातील लासेन परिसरातील एका प्रचंड उद्रेकाची ती राख असून तिचे वय सुमारे सहा लाख वर्षे आहे. त्या पट्ट्याच्या किंचित खाली वाळूतील खनिजे बदलतात. तोपर्यंतची वाळू आसपासच्या डोंगरांची. त्यानंतरची वाळू दूरच्या सिएरा नेवाडा पर्वताची. याचा अर्थ असा लावला जातो की, त्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील नद्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने समुद्राकडे वाट सापडली. एका महान नदीप्रणालीचा मार्ग बदलला, ही गोष्ट कळली ती कोणता कण कोणत्या थरात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली आहे, या नोंदीवरून. जीवाश्माचेही तसेच आहे. थरातील सँड डॉलर हा दस्तऐवजातील एक शब्द होय. तो खरवडून खिशात घातला की शब्द हाती राहतो आणि वाक्य नाहीसे होते. कपाटातील त्या दगडाला सुंदर म्हणता येईल. त्याला काही विचारता मात्र येणार नाही.

म्हणून कड्यातून कोरून काढणे सर्वस्वी वर्ज्यच. शिवाय त्यामुळे मुळातच ठिसूळ असलेला कडा अधिक कमकुवत होतो आणि कोरणाऱ्याच्या डोक्यावरच येण्याचे भय असते. खाली पडलेला नमुना दिसला तर त्याचे छायाचित्र घ्यावे, जागा नेमकी टिपावी, जवळ नाणे किंवा किल्ली ठेवून आकार कळेल असे करावे आणि उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना कळवावे. जतन करावयाचे की नाही, हा निर्णय जाणकारांवर सोपवावा. ओशन बीच व फोर्ट फन्स्टन हे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राचे भाग आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानसेवेच्या भूमीवर जीवाश्म उचलण्यास मनाई आहे आणि २००९ च्या संघीय कायद्याने जीवाश्मांना अधिक संरक्षण दिले आहे. नियम आहे म्हणून पाळावा, हे खरेच. परंतु त्यामागील कारण समजले की नियम जाचक वाटत नाही.

पुढील पान

अखेरीस एका गंभीर गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मनुष्याने जाळलेल्या इंधनाचा कर्बवायू मोठ्या प्रमाणात महासागरात मुरतो आणि पाण्याची आम्लता वाढवितो. कॅल्साइटने शरीर घडविणाऱ्या जिवांना हे संकट जवळचे आहे. डेंड्रास्टरच्या डिंभांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कर्बवायूचे प्रमाण वाढविलेल्या पाण्यात वाढलेल्या डिंभांचे शरीर अरुंद व जठर लहान राहिल्याचे आढळले. पोहण्यात विशेष फरक पडला नाही. परंतु लहान जठराचा डिंभ कमी अन्न घेतो आणि त्याला तरंगत्या, धोक्याच्या अवस्थेत अधिक दिवस काढावे लागण्याची भीती असते. स्क्युटेलास्टर नामशेष झाला तेव्हा त्याची नोंद घेणारा कोणी नव्हता. डेंड्रास्टरच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही.

एका साध्या प्राण्याने तीन प्रकारच्या हानी शिकविल्या. जिवंत सँड डॉलर नेला की एक आयुष्य संपते, आणि तो ज्या वसाहतीचा घटक होता तेथील पिल्लांचा आश्रयही तेवढाच उणा होतो. शिळारूप सँड डॉलर नेला की भूमीच्या बखरीतील एक शब्द पुसला जातो. रिकामे कवच नेल्याने होणारी हानी त्या मानाने अल्प, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. तथापि ते रिकामे आहे याची खात्री करून घेण्याची जबाबदारी उचलणाऱ्याची आहे, आणि लाटांनी झिजून ते त्याच किनाऱ्याच्या वाळूत मिसळणे हीच त्याची स्वाभाविक गती आहे.

लहान मुले किनाऱ्यावर धावत येतात आणि मूठ उघडून विचारतात, "हे काय आहे?" त्यांना नाव सांगणे सोपे आहे. परंतु त्याआधी ओंजळीतील वस्तू उलटी करून, क्षणभर थांबून, तिच्यात प्राण आहे का हे त्यांच्यासह पाहावे. ती पाण्याची आहे, वाळूची आहे की कड्याची आहे, हे त्यांनाच ओळखू द्यावे. आणि मग जेथली वस्तू तेथे त्यांच्याच हाताने ठेववावी. परतताना त्यांची मूठ रिकामी असेल, पण त्यांनी पाहिलेले त्यांच्यापासून कोणी घेऊ शकणार नाही.